दुकानदार, कारखानदार आणि कॉम्प्युटर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इचलकरंजीत मी रात्री दुकानं मिटल्यावर छोट्या व्यावसायिकांना कॉम्प्युटर शिकवते. किराणा, कापड, सायझिंग (सुताला खळ लावणं), मेस, टेलरिंग, हार्डवेअर अशी सगळी मंडळी येतात. दिवसभर फोनवर त्यांचे आणि त्यांच्या ओळखीच्यांचे प्रश्न येत राहतात. पुन्हापुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. जीएसटीबद्दलची उत्तरं महाराष्ट्रातल्या व्यवसायांना धरून लिहिली आहेत.

१. माझं वय ५२ आहे. कॉम्प्युटरला कधी हात लावलेला नाही. मला जमेल का?

जमेल. तीस वर्षं रोजमेळ लिहिणाऱ्या माणसाला हिशेब शिकवावा लागत नाही. त्याला माउस आणि कीबोर्डचा सराव हवा असतो, आणि तो बोटांचा भाग आहे. रोज अर्धा तास बसलात तर तीन-चार आठवड्यांत भीती जाते. पहिला आठवडा फक्त फाइल उघडणं, तिला नाव देऊन जतन करणं आणि दुसऱ्या दिवशी तीच फाइल शोधून काढणं, एवढंच करा. ‘मी काल टाइप केलेलं कुठे गेलं?’ या प्रश्नावर जितकी माणसं खचून शिकणं सोडतात, तितकी दुसऱ्या कशावरच सोडत नाहीत. म्हणून ‘दुकान’ नावाचा एकच फोल्डर करा आणि सगळं त्यातच ठेवा.

२. कुठला कोर्स लावू? एमएस-सीआयटी, टॅली, टायपिंग, की सगळंच?

तुम्हाला नोकरीचं प्रमाणपत्र हवंय की दुकानाचं काम यायला हवंय, हे आधी ठरवा. महाराष्ट्र ज्ञान महामंडळाचा एमएस-सीआयटी हा सर्वसाधारण ओळखीचा कोर्स आहे. सरकारी भरतीत तो मागतात, म्हणून घरातल्या मुलांना त्याचा उपयोग होतो. तुम्हालाही पाया मिळेल, पण उधारीची यादी कशी लावायची हे तुम्हाला तुमच्याच वहीवरून शिकावं लागेल. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची टायपिंग परीक्षा लिपिकाच्या नोकरीसाठी ठीक आहे. दुकानदाराला तिची गरज नाही.

टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा कोर्स लावायचा असेल तर त्याआधी महिनाभर साधं एक्सेल करा. नावे आणि जमा या हिशेबाच्या दोन बाजू कळण्याआधी टॅली शिकलेल्या माणसाला बटणं येतात, पण चूक कुठे झाली हे सापडत नाही. आणि क्लास कुठलाही लावा, तिथे सरावाला स्वतःची मागच्या महिन्याची बिलं घेऊन जा. पुस्तकातल्या ‘एबीसी ट्रेडर्स’ची उदाहरणं घरी येईपर्यंत विसरतात.

३. सगळं मोबाइलवर होतंय. कॉम्प्युटर कशाला?

दिवसाला पंधरा-वीस बिलं आणि मोजकी उधारी असेल तर खरंच मोबाइल पुरे. वर्षभराची थकबाकी एका नजरेत बघायची असेल, दोनशे वस्तूंचे दर एकदम बदलायचे असतील, किंवा बँकेचं स्टेटमेंट आपल्या नोंदींशी ताडायचं असेल, तेव्हा मोठा पडदा आणि कीबोर्ड लागतो. तोवर खर्च करू नका.

४. जुना कॉम्प्युटर घेतला तर चालेल का?

चालेल, पण विंडोज ११ चालेल असाच घ्या. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट, म्हणजे सुरक्षेचे अपडेट मिळणं, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे ज्या मशीनवर बँकेचे व्यवहार होणार ते त्यावर ठेवू नये. सेकंडहँडवाल्याला विचारा : प्रोसेसर इंटेलचा असेल तर आठव्या पिढीचा किंवा नंतरचा आहे का, रॅम ८ जीबी आहे का, आणि डिस्क एसएसडी आहे का. जुनी फिरती हार्ड डिस्क असलेलं मशीन स्वस्त मिळतं, पण गिऱ्हाईक समोर उभं असताना ते सुरू व्हायलाच पाच मिनिटं घेतं.

डेस्कटॉप घेणार असाल तर यूपीएस त्याच दिवशी घ्या. बिल जतन होत असताना वीज गेली की डेटाची फाइल बिघडते. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असते, त्यामुळे लहान दुकानाला मी शक्यतो लॅपटॉपच सुचवते.

५. एक्सेल, टॅली की बिलिंगचं ॲप?

जीएसटी नोंदणी नसेल आणि मुख्य डोकेदुखी उधारीची असेल तर एक्सेल. एक्सेल विकत घ्यायचं नसेल तर लिबर ऑफिस मोफत आहे आणि त्याचे मेनू मराठीतही दिसतात. गूगल शीट्सही मोफत आहे, पण तिला बहुतेक वेळा इंटरनेट लागतं.

जीएसटी भरता, मालाचा साठा मोठा आहे आणि सीएंकडे दर महिन्याला हिशेब जातो, तर टॅली. बेंगळुरूच्या गोएंका पिता-पुत्रांनी १९८६ मध्ये ते स्वतःच्या धंद्याचे हिशेब सुटेनात म्हणून बनवायला घेतलं. आपल्याकडची व्यापारी पद्धत त्याच्या रचनेत दिसते. तुमचे सीए कुठलं सॉफ्टवेअर वापरतात हेही विचारा. दोघांकडे एकच असेल तर मार्चअखेरीची निम्मी धावपळ वाचते.

बिलिंगचं ॲप पाच मिनिटांत सुरू होतं आणि काउंटरवर सोयीचं असतं. घेण्याआधी एकच परीक्षा घ्या : माझी सगळी बिलं आणि गिऱ्हाइकांची यादी एक्सेलमध्ये बाहेर काढता येते का? येत नसेल तर घेऊ नका. वर्गणी बंद केलीत की तुमचाच हिशेब तुम्हाला दिसेनासा होतो. हा फटका बसलेली माणसं माझ्याकडे येतात आणि तेव्हा त्यांना मदत करणं फार अवघड असतं.

चोरीच्या कॉपीबद्दलही विचारणा होते. ती टाकू नका. लायसन्स मोडण्यासाठी दिलेल्या फाइलबरोबर काय आत येतं ते तुम्हाला दिसत नाही, आणि त्याच मशीनवर तुमचं बँक खातं उघडतं.

६. उधारीची वही एक्सेलमध्ये कशी उतरवायची?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त आवडतो, कारण इथे कॉम्प्युटर खरोखर तुमचा होतो.

वहीत आपण प्रत्येक गिऱ्हाइकाला एक पान देतो. एक्सेलमध्ये प्रत्येकाची वेगळी शीट करू नका. सगळ्यांच्या नोंदी एकाखाली एक, एकाच शीटवर, तारखेच्या क्रमाने लिहा. कीर्द (रोजच्या व्यवहारांची वही) लिहितो तसंच. रकाने सहा पुरेत : तारीख, खाते क्रमांक, नाव, तपशील, उधार, जमा. एका ओळीत एकच व्यवहार. खतावणी, म्हणजे प्रत्येकाचं वेगळं खातं, एक्सेल स्वतः करून देतं. फिल्टर लावून एक खाते क्रमांक निवडला की त्या माणसाचं पान समोर येतं.

खाते क्रमांक हवाच. वहीत ‘शिंदे काका’, ‘शिंदे (गिरणी)’ आणि ‘शिंदे मामा’ हे एकच गृहस्थ आहेत हे तुम्हाला ठाऊक असतं. कॉम्प्युटर त्यांना तीन माणसं समजतो आणि थकबाकी तीन ठिकाणी फुटते. प्रत्येकाला एक नंबर द्या आणि तोच वापरा.

आकड्यांच्या रकान्यात फक्त आकडा. ‘५०० रु.’ किंवा ‘५००/-’ असं लिहिलं की ते अक्षर ठरतं आणि बेरजेत येत नाही. तपशिलाच्या रकान्यात मात्र मोकळेपणाने लिहा : ‘मुलीच्या लग्नानंतर देतो म्हणाले’ हीसुद्धा कामाची नोंद आहे. दोन खाने जोडून एक करणं, मध्येच एक ओळ रिकामी सोडणं, दर पानाखाली बेरीज घालणं या वहीच्या सवयी इथे सोडा, त्यांनी फिल्टर बिघडतो.

सुरुवातीला जुन्या सगळ्या नोंदी भरत बसू नका. एक दिवस ठरवा, त्या दिवशीची प्रत्येकाची बाकी ‘मागील बाकी’ म्हणून एका ओळीत घ्या आणि तिथून पुढे चला. पाडव्याला किंवा १ एप्रिलला सुरू केलं तर लक्षात राहतं.

७. एक्सेलमध्ये नंबर आपोआप बदलतात. असं का होतं?

एक्सेलला तो नंबर आकडा वाटतो म्हणून. तीन तऱ्हा नेहमी दिसतात.

खातेनंबर शून्याने सुरू होत असेल तर ते शून्य उडतं. माल वाहतुकीच्या ई-वे बिलाचा बारा आकडी नंबर मध्येच ‘ई’ अक्षर घेऊन आखूड दिसू लागतो. आणि सगळ्यात घातक म्हणजे एक्सेल पंधरा आकड्यांपर्यंतच अचूक राहतं, सोळा आकडी खातेनंबर टाकलात तर शेवटच्या आकड्याचं शून्य होतं. नंतर दुरुस्त करता येत नाही, कारण मूळ आकडा गेलेला असतो. उपाय सोपा आहे : टाइप करण्याआधी तो रकाना निवडून त्याचा प्रकार ‘टेक्स्ट’ करा. ज्या नंबरांची बेरीज कधी करणार नाही, ते सगळे टेक्स्ट.

तारखांचं दुखणं वेगळं. कॉम्प्युटर अमेरिकेच्या पद्धतीवर असेल तर ०३/०४ म्हणजे ३ एप्रिल नसून ४ मार्च होतो, म्हणजे नोंद मागच्या आर्थिक वर्षात जाते. विंडोजच्या सेटिंगमध्ये प्रदेश ‘इंग्लिश (इंडिया)’ करा. त्याच बदलाने स्वल्पविरामही लाख-कोटींप्रमाणे पडू लागतात.

८. मराठीत टाइप कसं करायचं?

थोडंसं लिहायचं असेल तर मोबाइलच्या कीबोर्डवर मराठी निवडून बोलून लिहा आणि स्वतःलाच पाठवा. कॉम्प्युटरवर विंडोजच्या भाषांमध्ये मराठी जोडा, मग विंडोजचं चिन्ह असलेलं बटण आणि स्पेसबार एकत्र दाबून इंग्रजी-मराठी अदलाबदल होते.

दोन पद्धती मिळतात. फोनेटिकमध्ये इंग्रजी स्पेलिंगवरून मराठी उमटतं, लगेच जमतं. इनस्क्रिप्टमध्ये डाव्या हाताला स्वर आणि उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं असतात, पंधरा दिवस त्रास होतो आणि मग हात पळतो. रोज मराठी बिलं किंवा पत्रं लिहिणार असाल तर मी इनस्क्रिप्टच शिकवते.

मेसच्या ताईंचा नेहमीचा प्रश्न असतो, ‘पुऱ्या’ कसं लिहायचं? साध्या र ने ‘पुर्या’ उमटतं आणि मेनूकार्डावर ते खुपतं. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्टबरोबर जे दाबा, मग डी, मग य अक्षराचं बटण. शिफ्टबरोबर एन दाबलं की ळ येतो. केळी, डाळ, गूळ विकणाऱ्याला तो आधी लागतो!

९. जुनी मराठी फाइल उघडली की इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. ती गेली का?

नाही, फाइल शाबूत आहे. युनिकोड (कुठल्याही कॉम्प्युटरवर मराठी मराठीच दिसेल अशी अक्षरं साठवण्याची पद्धत) रुळण्याआधी श्रीलिपी, आकृती, कृतीदेव अशा फॉन्टमध्ये मराठी टाइप होत असे. त्यात कॉम्प्युटर आत इंग्रजी अक्षरंच साठवतो आणि फॉन्ट त्यांना मराठीचा चेहरा देतो. फॉन्ट नसला की चेहरा जातो. तोच फॉन्ट टाकला की मजकूर परत दिसतो. कायमचा उपाय म्हणजे कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये बदलून घेणं. पण श्रीलिपीचा कन्व्हर्टर कृतीदेवला चालत नाही, आणि बदलल्यावर जोडाक्षरं व आकडे डोळ्यांनी तपासावेच लागतात. छापखान्याला अजून जुन्या फॉन्टमध्ये मजकूर लागत असेल तर त्यांना द्या, पण स्वतःकडची प्रत युनिकोडमध्ये ठेवा. शोध तिच्यातच लागतो.

१०. माझी जीएसटी नोंदणी नाही. कॉम्प्युटरच्या बिलात जीएसटीचा रकाना आपोआप येतो. राहू दे का?

काढा. नोंदणी नसताना गिऱ्हाइकाकडून जीएसटी घेता येत नाही. सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये ‘नोंदणी नाही’ असा पर्याय असतो. कंपोझिशन योजनेत (छोट्या व्यावसायिकांनी उलाढालीवर ठरावीक दराने कर भरण्याची योजना) असाल तरी बिलात कर लावता येत नाही. तुमचं बिल ‘बिल ऑफ सप्लाय’, म्हणजे कर न लावलेलं बिल असतं आणि तुम्ही कंपोझिशनमध्ये आहात हे त्यावर छापावं लागतं.

नोंदणीची मर्यादा फक्त माल विकणाऱ्याला वर्षाला ४० लाख आणि सेवा देणाऱ्याला २० लाख उलाढाल अशी आहे. गोंधळ पुढे होतो :

कापड विकता आणि शिलाईही करता, तर शिलाई ही सेवा आहे, म्हणून २० लाखांची मर्यादा धरा. एकाच पॅनवर दोन दुकानं असतील तर दोन्हींची उलाढाल एकत्र मोजली जाते, पाट्या वेगळ्या असल्या तरी. करमाफ मालाची विक्रीही त्यात येते. आणि आमच्या भागात ज्यावर हमखास चुकतं ते म्हणजे सीमा : निपाणी इथून जवळ असली तरी कर्नाटकात आहे. तिथल्या व्यापाऱ्याला कापड पाठवलंत तर ती परराज्यातली विक्री झाली आणि तिला ४० लाखांची सवलत लागू होत नाही. हस्तकलेच्या काही वस्तूंना वेगळी सूट आहे, ती सीएंना विचारून घ्या. ऑनलाइन बाजारावर राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्या छोट्या विक्रेत्यांना १ ऑक्टोबर २०२३ पासून अटी पाळून नोंदणीशिवाय विकता येतं.

११. चुकीचं बिल झालं. डिलीट करू का?

करू नका. मधला एक नंबर गायब झाला की तपासणीत पहिला प्रश्न त्यावरच येतो. गिऱ्हाइकाला बिल दिलेलं नसेल तर ते ‘रद्द’ करा, नंबर जागेवर राहतो. दिलेलं असेल आणि रक्कम जास्त लागली असेल किंवा माल परत आला असेल तर क्रेडिट नोट, म्हणजे तेवढी रक्कम कमी केल्याची चिठ्ठी काढा.

बिल नंबर आर्थिक वर्षात एकदाच वापरायचा, तो सोळा अक्षरांपेक्षा मोठा नसावा आणि १ एप्रिलला नवी मालिका सुरू करावी. दोन काउंटर असतील तर दोन वेगळ्या मालिका चालतात, पुढे ‘अ’ आणि ‘ब’ ऐवजी इंग्रजी अक्षरं लावा.

२२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर बदलले तेव्हाही असेच फोन आले. पाकीटबंद फरसाण १२ वरून ५ टक्क्यांवर आलं, अंघोळीचा साबण आणि टूथपेस्ट १८ वरून ५ वर. काहींनी वस्तूच्या यादीत दर बदलला आणि सॉफ्टवेअरने जुन्या बिलांवरही नवा दर दाखवायला सुरुवात केली. दर बदलताना ‘या तारखेपासून लागू’ असा पर्याय वापरा. तो नसेल तर त्या वस्तूची नवी नोंद करा आणि जुनी फक्त बंद करा. बदलाआधी विकलेला माल परत आला तर क्रेडिट नोट मूळ बिलाच्या दरानेच निघते.

१२. बॅकअप पेनड्राइव्हवर घेते. तो कॉम्प्युटरलाच लावून ठेवलाय. ठीक आहे ना?

नाही. फाइलींना कुलूप घालून पैसे मागणारा व्हायरस आला तर लावलेला पेनड्राइव्हही त्याच कुलपात जातो. बॅकअप घ्या, पेनड्राइव्ह काढा आणि घरी न्या. दोन पेनड्राइव्ह आलटून-पालटून वापरा, म्हणजे बिघडलेली फाइल चांगल्या फाइलवर चढली तरी कालची प्रत उरते. शिवाय एक प्रत गूगल ड्राइव्हवर ठेवा. गूगल खात्याला १५ जीबी मोफत मिळतात, छोट्या दुकानाच्या हिशेबाला ते भरपूर आहेत.

महिन्यातून एकदा ती प्रत दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा. एका हार्डवेअरच्या दुकानात दीड वर्ष रोज संध्याकाळी बॅकअप घेतला जात होता आणि तो रिकाम्या फोल्डरचा होता. डिस्क गेली तेव्हा कळलं. जीएसटीची कागदपत्रं वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून ७२ महिने जपावी लागतात, कॉम्प्युटर बिघडला हे कारण तिथे चालत नाही.

१३. गिऱ्हाईक पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट दाखवतं, पण पैसे दिसत नाहीत. माल द्यायचा का?

स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत, तसा फोटो बनवून देणारी खोटी ॲप्स आहेत. स्वतःच्या ॲपमधली किंवा बँकेतली जमा बघा, साउंडबॉक्सचा आवाज ऐका. नेटवर्कमुळे खरंच अडकलं असेल तर त्या व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर क्रमांक लिहून घ्या आणि ओळखीचं गिऱ्हाईक असेल तर उधारीत नोंद करून माल द्या. रोज सकाळी क्यूआर कोडवर दुसरं स्टिकर चिकटवलेलं नाही ना, तेही हाताने चाचपून बघा.

पैसे घेण्यासाठी पिन कधीही लागत नाही. ‘मोठी ऑर्डर आहे, हा कोड स्कॅन करून पिन टाका, ॲडव्हान्स जमा होईल’ असं सांगणारा माणूस पैसे काढत असतो. फसवणूक झालीच तर लाजून गप्प बसू नका, त्याच क्षणी १९३० ला फोन करा. पैसे पुढच्या खात्यातून निघून जाण्याआधी तक्रार पोचली तर ते गोठवता येतात. मग राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर लेखी तक्रार करा.

१४. हिशेब बघणारा मुलगा सोडून गेला. जीएसटीचा पासवर्ड, ईमेल, सगळं त्याच्या नावावर आहे. आता?

आधी त्याला शांतपणे फोन करा. बहुतेक वेळा मुलं देऊन टाकतात. मिळालं की लगेच पासवर्ड बदला आणि नोंदणीतला मोबाइल व ईमेल तुमचा करा. तो देत नसेल तर तुमच्या क्षेत्राच्या जीएसटी अधिकाऱ्याकडे ओळखीची आणि व्यवसायाची कागदपत्रं घेऊन अर्ज करा, ते नोंदलेला मोबाइल आणि ईमेल बदलून देऊ शकतात. बँकेचं काम शाखेत जाऊन होतं. ऑनलाइन ॲपवर दुकानाचं खातंच त्याच्या ईमेलवर उघडलेलं असेल तर मात्र कठीण जातं, तिथे बिलिंगचा बाहेर काढलेला डेटा (प्रश्न ५) आणि बॅकअप (प्रश्न १२) एवढाच आधार.

नव्या माणसाला घेताना दुकानाच्या नावाचं एक ईमेल खातं करा, त्याचा मोबाइल नंबर मालकाचा ठेवा, आणि टॅलीत त्याच्यासाठी वेगळं लॉगिन उघडा. ओटीपी मालकाच्याच फोनवर यायला हवा, मग त्यासाठी दिवसातून चार वेळा फोन उचलावा लागला तरी चालेल.

१५. उद्यम नोंदणी करून देतो म्हणून दोन हजार मागतात. द्यावे का?

नाही. उद्यम ही छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी आहे, सरकारी पोर्टलवर ती मोफत आहे आणि कागदपत्रं चढवावी लागत नाहीत, आधार आणि पॅन पुरतं. शोधताना वर दिसणाऱ्या जाहिरातींवर क्लिक करू नका, पत्त्याच्या शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ आहे का ते बघा.

१६. बाबा वही सोडायला तयार नाहीत. त्यांना कसं पटवू?

पटवू नका, तीन महिने दोन्ही चालू द्या. ते वही लिहितील, तुम्ही रात्री त्यावरून एक्सेल भरा (प्रश्न ६). दर शनिवारी दोन्हींच्या बेरजा जुळवा. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत चूक बहुतेक तुमच्याच बाजूला निघेल, आणि ती बाबाच शोधतील, कारण कुणाची बाकी किती असावी याचा अंदाज त्यांना न बघता असतो. तो अंदाज कॉम्प्युटरमध्ये कुठेच भरता येत नाही, म्हणून त्यांना त्या कामातून बाजूला करू नका.

मग एखाद्या शनिवारी ९० दिवसांपेक्षा जुन्या थकबाकीची यादी मोठ्या अक्षरांत छापून त्यांच्या हातात द्या. कापडाच्या दुकानातल्या एका आजोबांनी ती यादी घेतली, चष्मा लावला, त्यातल्या अकरा नावांवर पेनने खुणा केल्या आणि सोमवारी सकाळी स्वतः वसुलीला निघाले. वही ते अजून लिहितात. यादी मात्र दर शनिवारी मागून घेतात.